सेकंदाला शंभर म्हणजे नक्की किती? : मायक्रोकंट्रोलर, जिओफोन आणि कळवणचा एक आलेख

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आकडे भराभर निघून जातात अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली, म्हणून इथे ते सावकाश मांडले आहेत. बाकी भाषा बोलल्यासारखीच ठेवली आहे.)

आजचा विषय एका श्रोत्याने पाठवलेल्या आलेखावरून निघाला. हा मुलगा कळवण तालुक्यातला, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तुम्हाला माहीत आहे, आपल्या जिल्ह्यात कळवण, सुरगाणा, पेठ, दिंडोरी या पट्ट्यात अधूनमधून जमीन हलते. धक्के सौम्य असतात, पण भांडी वाजतात, पत्रे थरथरतात, आणि रात्री लोक अंगणात येऊन बसतात. त्या मुलाने घरच्या घरी भूकंपनोंदणीचं यंत्र बनवलं. एक जिओफोन, त्याच्या मागे छोटा अॅम्प्लिफायर, एक अर्डुइनो उनो, एक एसडी कार्ड. सेकंदाला 100 नोंदी.

आणि एका रात्रीच्या नोंदीत त्याला संथ लाटा दिसल्या. एकेक लाट आठ-दहा सेकंदांची, मध्येच पंधराची. सुंदर, गुळगुळीत. त्याने मला लिहिलं, "सर, दूरच्या मोठ्या भूकंपाच्या लाटा अशाच असतात ना? गावच्या ग्रुपवर टाकू का?"

मी म्हटलं, ग्रुपवर आत्ता काही टाकू नकोस. आधी एक सांग, त्या रात्री लाइट गेली होती का?

गेली होती. साधारण तासभर. आणि त्या तासात लाटा बंद.

आता हे काय गौडबंगाल आहे ते समजून घ्यायचं तर सॅम्पलिंग म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागेल. पण त्याआधी जरा नाशिकची गोष्ट सांगतो, कारण हा विषय आपल्या घरचाच आहे.

दिंडोरी रोडला 'मेरी' आहे. नाशिककर मेरी म्हटलं की बसस्टॉप समजतो, पण ती महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, 1959 सालची, जलसंपदा विभागाची. धरणांचं काम करणाऱ्यांना भूकंपाशी काय देणंघेणं, तर 11 डिसेंबर 1967 ची पहाट आठवा. कोयनेचा भूकंप. सुमारे 180 माणसं गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं, धरणाला तडे गेले. तेव्हापासून धरण आणि भूकंपमापक ही जोडी महाराष्ट्रात पक्की झाली. आजही कळवणकडे धक्का बसला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बातमी येते ती मेरीतल्या नोंदीवरूनच : केंद्रबिंदू नाशिकपासून अमुक किलोमीटरवर.

हे 'अमुक किलोमीटर' येतं कुठून? भूकंपातून दोन प्रकारच्या लाटा निघतात. पी लाट वेगवान, एस लाट तिच्या मागून. दोघी एकत्र निघतात, पण जितकं अंतर जास्त तितका एस लाटेला उशीर. ढोबळ हिशोब असा की जवळच्या भूकंपात दोघींमधल्या प्रत्येक सेकंदाला 8 किलोमीटर धरायचे. 5 सेकंदांचा फरक म्हणजे 40 किलोमीटर. म्हणजे बघा, अंतर मोजायचं साधन फूटपट्टी नाही, घड्याळ आहे. वेळ चुकली की गाव चुकलं.

जुन्या यंत्रात ही वेळ कागदावर असायची. काजळी धरलेला कागद एका फिरत्या ड्रमवर गुंडाळलेला, त्यावर सुई रेघ ओढत जायची, आणि दर मिनिटाला घड्याळ त्या रेघेवर एक खूण करायचं. ड्रम एकसारख्या गतीने फिरला नाही तर लाटा कुठे दाबल्या जायच्या, कुठे ताणल्या जायच्या. आपल्या डिजिटल यंत्रात ड्रम दिसत नाही म्हणून आपण त्याला विसरतो. पण तो आहे. तुमचा सॅम्पलिंगचा दर हाच तुमचा ड्रम.

तर सॅम्पलिंग. सेन्सरमधून येणारं व्होल्टेज अखंड असतं, प्रत्येक क्षणाला त्याला काहीतरी किंमत असते. मायक्रोकंट्रोलर ते अखंड बघू शकत नाही. तो ठरावीक वेळाने डोळा उघडतो, एक आकडा घेतो, डोळा मिटतो. उनोवर हा आकडा 0 ते 1023 मधला, म्हणजे 5 व्होल्टचे 1024 भाग, एकेक भाग जेमतेम 4.9 मिलिव्होल्टचा. हा आकडा पडला की तो कधी घेतला होता, हे त्या आकड्यात कुठेच लिहिलेलं नसतं. तुम्ही गृहीत धरता की मागच्या आकड्यानंतर बरोबर 10 मिलिसेकंदांनी घेतला. पुढचं सगळं गणित या गृहीतकावर उभं.

बहुतेक जण काय करतात? लूपमध्ये अॅनालॉगरीड, मग सिरियल प्रिंट, मग डिले 10. आणि वहीत लिहितात, 100 हर्ट्झ. अहो, डिले 10 म्हणजे बाकीची कामं झाल्यावर वर आणखी 10 मिलिसेकंद थांब. उनोवर एक अॅनालॉगरीड साधारण 0.1 मिलिसेकंद घेतं. आकडा अक्षरांत बदलून बफरमध्ये टाकायलाही थोडा वेळ लागतो, आणि तो आकडा 7 आहे की 1007 यावर कमीजास्त होतो. म्हणजे दर 100 तर नाहीच, 98-99 च्या आसपास कुठेतरी, आणि तोही प्रत्येक फेरीला वेगळा. आणि दर वाढवायला गेलात की आणखी एक भिंत येते. सिरियल पोर्ट 9600 वर ठेवला असेल तर सेकंदाला 960 अक्षरं जातात. तीन आकडी संख्या आणि ओळ संपल्याच्या दोन खुणा मिळून 5 अक्षरं धरा, झाले 192 आकडे. त्यापुढे बफर भरतो, प्रिंट तिथेच अडून बसतं, आणि तुमचा सॅम्पलिंगचा दर गुपचूप सिरियल पोर्ट ठरवायला लागतो.

आपल्या कळवणच्या गड्याने एवढं केलं नव्हतं, हे त्याचं कौतुक. त्याने मायक्रोसेकंदांचा काउंटर बघून, दर 10,000 झाले की एक नोंद, अशी रचना केली होती. सरासरी दर त्यामुळे जागेवर राहतो. पण त्याचंच लूप एसडी कार्डावर लिहितही होतं. कार्डाचा स्वभाव असा की बहुतेक वेळा ते पटकन लिहितं, आणि मध्येच कधीतरी 100, कधी 200 मिलिसेकंद "थांबा, कामात आहे" म्हणतं. तेवढ्यात 10-20 नोंदी हुकतात. वाईट गोष्ट ही की फाइलमध्ये भोक दिसत नाही. आकड्याखाली आकडा, सगळं सलग. एस लाटेच्या आधी असं एक भोक पडलं, 200 मिलिसेकंदांचं, की अंतराच्या हिशोबात दीड किलोमीटर गायब.

हे झालं नोंदी हुकण्याचं. नोंद हुकली नाही, नुसती मागेपुढे झाली तरी नुकसान आहेच. 10 हर्ट्झची लाट घ्या, जवळच्या छोट्या भूकंपात ही नेहमीची. नोंद 1 मिलिसेकंद उशिरा घेतली तर लाट सर्वात चढी असते तिथे चूक येते लाटेच्या उंचीच्या सुमारे 6 टक्के. म्हणजे तुम्ही अॅम्प्लिफायर चांगला घेतला, वायरी शिल्डेड घेतल्या, आणि घड्याळात घालवलं.

उपाय चिपमध्येच बसवलेला आहे, आणि फुकट आहे. उनोवरच्या एटीमेगा 328पी चिपमध्ये टायमर 1 नावाचा 16 बिटांचा काउंटर असतो. प्रोग्राम काय करतोय याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. तो आपला मोजत राहतो. चिपचं घड्याळ 16 मेगाहर्ट्झचं. प्रीस्केलर 8 ठेवला की टायमर सेकंदाला 20 लाख मोजतो. 2000 मोजले की शून्यावर ये, असं सांगितलं की सेकंदाला बरोबर 1000 ठोके. रजिस्टरमध्ये मात्र 1999 लिहायचं, कारण मोजणी शून्यापासून आहे. 2000 लिहिलंत तर फरक अर्ध्या मायक्रोसेकंदाचा पडतो, एका नोंदीत कळणारही नाही, पण दिवसाकाठी 43 सेकंदांचा होतो.

यातही दोन रस्ते आहेत. एक, टायमरच्या ठोक्याला इंटरप्ट आणि इंटरप्टमध्ये एडीसी सुरू करणं. हे डिलेपेक्षा लाखपटीने बरं, पण दुसरा एखादा इंटरप्ट चालू असेल तर याला काही मायक्रोसेकंद दाराबाहेर उभं राहावं लागतं. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो : एडीसीला ऑटो ट्रिगरवर ठेवा आणि टायमर 1 च्या कम्पेअर मॅच बी ला थेट त्याचा चाप बनवा. मग सॅम्पल कधी घ्यायचं हे हार्डवेअर ठरवतं, सॉफ्टवेअर फक्त तयार आकडा उचलून आणतं. इंटरप्टला थोडा उशीर झाला तरी आकडा वेळेवरच घेतलेला असतो. एक खोच लक्षात ठेवा. या पद्धतीत कम्पेअर मॅच बी चा फ्लॅग प्रत्येक वेळी स्वतः पुसावा लागतो. नाही पुसला तर एकच नोंद होते आणि मग यंत्र मौनव्रत घेतं. या मौनावर माझ्याकडे जितके ईमेल आलेत तितके दुसऱ्या कशावर नाहीत.

आणि एसडी कार्ड? ते मुख्य लूपमध्येच राहू दे, पण मध्ये एक गोल बफर टाका. इंटरप्ट एका बाजूने भरतो, लूप दुसऱ्या बाजूने उपसतं. 100 नोंदी सेकंदाला, प्रत्येकी 2 बाइट. 128 नोंदींचा बफर म्हणजे 256 बाइट, आणि त्यात सव्वा सेकंद मावतो. कार्ड 200 मिलिसेकंद रुसलं तरी चालतं. उनोची रॅम सगळी मिळून 2048 बाइट, त्यातले 512 एसडीची लायब्ररीच घेते, पण एवढं बसतं. बफर भरून वाहिला तर तशी खूण फाइलमध्ये नक्की करा. भोक पडलं तर पडलं, ते दिसलं पाहिजे.

बरं, आता त्या संथ लाटांकडे या.

तुम्ही सेकंदाला 100 वेळा डोळा उघडता. समोर सेकंदाला बरोबर 100 वेळा फिरणारा पंखा असेल तर काय दिसेल? प्रत्येक वेळी पातं त्याच जागी. पंखा बंद आहे असं वाटेल. आणि तो 99.9 वेळा फिरत असेल तर? प्रत्येक वेळी पातं किंचित मागे. दहा सेकंदांत एक फेरी, उलटी, अगदी संथ. सिनेमात टांग्याची चाकं उलटी फिरतात ना, तेच. यालाच एलियासिंग म्हणतात : वेगवान लाट सोंग घेऊन संथ लाट म्हणून नोंदीत शिरते. दराच्या निम्म्यापेक्षा जास्त वारंवारतेचं जे काही आत येईल ते सगळं घडी होऊन खाली पडतं. 1928 मध्ये नायक्विस्टने टेलिग्राफच्या तारांवर काम करताना या निम्म्याच्या नियमाचा पाया घातला, 1949 मध्ये शॅननने तो व्यवस्थित सिद्ध करून मांडला.

मग कळवणच्या घरात सेकंदाला 100 वेळा काय फिरत होतं? वीज. आपली वीज 50 हर्ट्झची. चार्जर ती एकदिश करतो तेव्हा दोन्ही अर्ध्या लाटा एका बाजूला येतात आणि वर 100 हर्ट्झची तरंग उरते. त्या मुलाचं यंत्र 12 व्होल्टच्या बॅटरीवर होतं, बॅटरी कायम चार्जरला. आणि आपलं ग्रिड बरोबर 50.00 वर कधी स्थिर नसतं, मागणी-पुरवठ्याप्रमाणे थोडं खालीवर होतं. 49.95 असेल तर तरंग 99.90 हर्ट्झची, आणि 100 च्या दराने बघितलं तर ती 0.1 हर्ट्झची, 10 सेकंदांची लाट. त्यात उनोचं स्वतःचं घड्याळही किंचित इकडेतिकडे, तेवढी भर. म्हणून लाट कधी आठ सेकंदांची, कधी पंधराची. रात्रभर तो पोरगा जमीन बघत नव्हता, ग्रिडवरचा विजेचा भार बघत होता. लाइट गेली, चार्जर बंद, लाटा बंद.

आणखी एक पुरावा होता. त्याचा जिओफोन 4.5 हर्ट्झचा, म्हणजे त्याखालच्या हालचालींना तो झपाट्याने बहिरा होत जातो. 10 सेकंदांची लाट त्याला इतकी ठसठशीत ऐकूच येऊ शकत नाही. सेन्सर जे ऐकू शकत नाही ते नोंदीत दिसलं तर ते सेन्सरमधून आलेलं नाही. हा नियम कुठल्याही यंत्राला लावून बघा.

"मग सर, सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर लावून काढून टाकतो." नाही रे बाबा. एकदा आकडा झाला की खरी 10 सेकंदांची लाट आणि सोंगाडी 10 सेकंदांची लाट यांत कसलाच फरक उरत नाही. दोन्हींचे आकडे तेच. गाळणी लावायची ती एडीसीच्या आधी, व्होल्टेज व्होल्टेज असतानाच.

सगळ्यात साधी गाळणी म्हणजे एक रेझिस्टर, एक कपॅसिटर. 10 किलोओहम आणि 0.1 मायक्रोफॅरड घेतले तर कापण्याची वारंवारता 159 हर्ट्झ. एटीमेगाच्या डेटाशीटमध्ये एडीसीसमोर 10 किलोओहमपर्यंतचाच रोध ठेवा असं सुचवलेलं आहे, त्यातही हे बसतं. पण ही गाळणी 100 हर्ट्झला काय करते? फारसं काही नाही, 15 टक्के कमी करते. 100 च्या दराने थेट नोंद घ्यायची तर 50 हर्ट्झच्या आत कडेलोट व्हावा अशी उभी गाळणी लागते, तीनचार ऑप-अॅम्पची. ते ज्याला जमेल त्याने करावं. मला विचाराल तर स्वस्त रस्ता वेगळा आहे.

नोंद घ्या 1000 च्या दराने. मघाशी टायमरचा हिशोब 1000 चा का सांगितला ते आता कळलं असेल. आता संथ लाटेचं सोंग घ्यायला 1000 हर्ट्झच्या जवळचं काहीतरी लागेल, आणि तिथे ही साधी आरसी गाळणी सहापटीने दाबते. एकामागे एक दोन लावल्या, मध्ये एक ऑप-अॅम्प ठेवला, तर चाळीसपटीने. मग दर 10 नोंदींची बेरीज करा आणि तीच एक नोंद म्हणून लिहा. झाले 100. 10 नोंदी म्हणजे 10 मिलिसेकंद, म्हणजे 100 हर्ट्झच्या तरंगेची बरोबर एक फेरी. फेरीची बेरीज शून्य. 99.9 असेल तरी हजारपटीने खाली येते. एका बेरजेत चार्जरचा काटा निघाला! याची किंमत आहे, 20 हर्ट्झची खरी लाट 6-7 टक्के कमी दिसते, पण ते आधीच माहीत असल्याने नंतर दुरुस्त करता येतं. आणि बेरजेला 10 ने भागू नका. जास्तीत जास्त 10,230 होते, 16 बिटांत आरामात बसते, आणि भागाकारात जी बारीक माहिती फेकली जाते ती राहते.

आता घड्याळ. इतका वेळ मी 16 मेगाहर्ट्झ, 16 मेगाहर्ट्झ म्हणतोय, पण उनोवर जो चकचकीत क्रिस्टल दिसतो तो यूएसबीच्या चिपचा. मुख्य चिपला सिरॅमिक रेझोनेटर असतो, आणि त्याची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत असू शकते. एका भूकंपाच्या आत याने काही बिघडत नाही. पी आणि एस मध्ये 5 सेकंद, त्याचा अर्धा टक्का 25 मिलिसेकंद, म्हणजे 200 मीटर. पण केंद्रबिंदू शोधायला एक स्टेशन पुरत नाही. एका स्टेशनवरून फक्त अंतर कळतं, दिशा कळत नाही. किमान तीन ठिकाणच्या वेळा जुळवाव्या लागतात, आणि तिन्ही ठिकाणी घड्याळ एकच हवं. अर्धा टक्का म्हणजे तासाला 18 सेकंद. 18 सेकंदांत पी लाट 100 किलोमीटरच्या वर जाते. नुसत्या वेळा जुळवायला बसलात तर कळवणचा धक्का कुठे गुजरातेत जाऊन पडेल. चांगला क्रिस्टल लावला, दहा लाखात 30 ची चूक असलेला, तरी दिवसाला अडीच सेकंद.

म्हणून जीपीएस. जागा शोधायला नाही, वेळेसाठी. मॉड्यूलला एक पीपीएस नावाची पिन असते, तिच्यावर दर सेकंदाला एक ठोका येतो आणि त्याची चूक मायक्रोसेकंदाच्याही आत असते. ही पिन उनोच्या 8 नंबर पिनला द्या. तिथे टायमर 1 चं इनपुट कॅप्चर आहे : ठोका आला त्या क्षणी टायमर कितीवर होता हे चिप स्वतः टिपून ठेवते, अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या बारकाव्याने. सॅम्पल घेणारा टायमर आणि वेळ टिपणारा टायमर एकच, म्हणून दोघांत वाद नाही. फाइलमध्ये दर सेकंदाला हा आकडा लिहीत गेलात की घड्याळ किती वाहवतंय ते नंतर कळतं, आणि वेळ दुरुस्त करता येते. टायमरला मुद्दाम ओढून-ढकलून सेकंदाशी जुळवू नका. ड्रम फिरतोय तसा फिरू द्या, खूण तेवढी अचूक करा. काजळीच्या कागदावर हेच करायचे.

दर खरा आहे का हे तपासायला ऑसिलोस्कोप लागत नाही. इंटरप्टमध्ये एक पिन दर नोंदीला उलटी करा, आणि हर्ट्झ मोजणारा साधा मल्टीमीटर लावा. 1000 चा दर असेल तर 500 दिसले पाहिजेत. 498 दिसले तर रेझोनेटर. 430 दिसले आणि आकडा नाचत असेल तर तुमचा इंटरप्ट कुठेतरी अडतोय.

ईएसपी32 वापरू का, असं दोघातिघांनी विचारलंय. टायमर उत्तम आहेत, वेग भरपूर आहे, पण आतला एडीसी टोकांना वाकडा मोजतो, आणि वायफाय चालू असताना त्याच्या दुसऱ्या एडीसीच्या पिना भरवशाच्या राहत नाहीत. त्यापेक्षा बाहेरून एडीएस1115 जोडा, 16 बिटांचा आहे. मात्र तो जास्तीत जास्त 860 नोंदी देतो, त्याही स्वतःच्या घड्याळाने, म्हणजे ड्रम पुन्हा दुसऱ्याच्या हातात गेला. व्यावसायिक यंत्रात 24 बिटांचे एडीसी असतात आणि त्यांचं घड्याळ जीपीएसला बांधलेलं असतं. आपलं घरचं यंत्र त्यांच्या जागी बसणार नाही, धक्का बसला की मेरीचीच नोंद बघायची.

कळवणच्या यंत्रात आता 1000 चा टायमर आहे, बेरीज आहे, जीपीएस यायचा आहे. संथ लाटा गेल्या. मागच्या आठवड्यात त्याने नवी नोंद पाठवली : दिवसभर दर काही मिनिटांनी एक धडधड, 20 हर्ट्झच्या आसपास, रात्री पूर्ण बंद. या वेळी सोंग नाही, जमीन खरंच हलतेय. घरासमोरून कांद्याचे ट्रॅक्टर जातात.